भिंतीवरचा गहू

"माझ्या शाळेतली पोरं जगातली कुठलीही वस्तू मोजून दाखवतील. बोटभर जरी फरक पडला, तर ही मिशी उतरवीन!" असं निशानबॉय दोमला, म्हणजे आमच्या शाळेचे मोठे गुरुजी, चायखान्यात म्हणाले. सगळ्या कोशतेराक गावात दोमलांएवढी मिशी कुणाची नाही, त्यामुळे पैजही मोठी वाटली. चहा ओतणाऱ्याचासुद्धा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोमला पहिलीच्या वर्गात गेले आणि फळ्यापाशी ताठ उभे राहिले. "घ्या. मलाच मोजा."

पहिलीला शिकवणारी होसियत ओपा नुकतीच शहरातून शिकवण्याची नवी पद्धत शिकून आली होती. पोरांना आकडा कळायच्या आधी लांबी कळते, म्हणून आधी कागदाची पट्टी वस्तूला लावायची, वस्तू संपते तिथे पट्टी कापायची आणि भिंतीला चिकटवायची. कुणाची मोठी, कुणाची लहान, ते डोळ्यांनाच दिसतं. आकडा मग सावकाश.

तर पोरं बाकांवर चढली आणि त्यांनी शाळेचे मुख्याध्यापक मोजले. जुन्या वॉलपेपरच्या गुंडाळीतून एकोणीस पट्ट्या कापल्या गेल्या आणि एकोणीस प्रकारचे दोमला भिंतीवर उभे राहिले. ज्यांना घरी मोठ्यांचा मान राखायला शिकवलं होतं, त्यांनी टोपीसकट मोजलं. दोमलांचा नातू बोतिर, त्यानं टोपीच्या वर आणखी वीतभर दिली, कारण आजोबा त्याचे होते. एका बुटक्या पोराचा हात कमरेच्या पट्ट्यापर्यंतच पोचला. त्यानं तेवढीच पट्टी कापली आणि म्हणाला, "वरचे दोमला पण एवढेच असतील."

शेवटी ओयदिन आली.

"दोमला, टोपी काढा."

दोमलांनी हसत हसत काढली.

"बूट पण."

आता दोमला हसायचे थांबले, पण सगळा वर्ग बघत होता. बूट निघाले. त्यांना केवढ्या टाचा होत्या, ते गावाला तेव्हा कळलं. ओयदिननं टाचेपासून टाळूपर्यंत पट्टी लावली, कापली, चिकटवली, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"कपाटापेक्षा कमी आहेत," ती म्हणाली. चिडवायला नाही. कपाट शेजारीच होतं.

मिशी काही उतरली नाही. संध्याकाळी दोमलांनी चायखान्यात सांगितलं की वॉलपेपर दमट होता, त्यामुळे आखडला.

आता ही ओयदिन. तिचं नाव आधीच जिल्ह्याला गेलं होतं. झालं असं, की शरद ऋतूत पोरं तपासायला एक नर्स आली होती. तिनं विचारलं, "गाय काय देते, बाळ?" ओयदिन म्हणाली, "आमची लाथ देते." नर्सनं विचारलं, "हिवाळ्यात आकाशातून काय पडतं?" ओयदिन म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात आमचं छप्पर पडलं." नर्सनं लिहिलं, प्रश्न समजत नाही. आणि ज्यांना प्रश्न समजत नाहीत, त्यांना बघायला वसंतात, नवरोजच्या सणाच्या सुमाराला समिती येते. समितीलाही तसंच वाटलं, तर सप्टेंबरपासून पोर जिल्ह्याच्या गावी, मंद मुलांच्या निवासी शाळेत.

त्या शाळेत आमच्या गावचा मामात गेला होता. आठ वर्षांनी परत आला तेव्हा झाडू फार सुंदर बांधायचा. नाव विचारलं तर सांगायचाही, पण सांगण्याआधी परवानगी आहे का म्हणून इकडेतिकडे बघायचा.

ओयदिनची आई शराफत रडली, पण तिचा विश्वास बसला होता. नर्सनं पेनानं लिहिलं होतं ना. बाप रशियात बांधकामावर. तो फोनवर म्हणाला, "सरकारी लोक सांगतायत तर असेल काहीतरी. आपल्याला काय कळतं!"

विश्वास बसला नव्हता तो फक्त होसियत ओपाचा. ती दोमलांकडे गेली. "दोमला, ही पोर मंद नाही. हिला दिसेल ते सांगायची खोड आहे, एवढंच."

"अगं पोरी," दोमला म्हणाले, "अडचण तीच तर आहे."

होसियत ओपानं मनाशी ठरवलं, की समितीसमोर ओयदिनला गाय आणि आकाश विचारू द्यायचंच नाही. तिच्याकडून गहू मोजून घ्यायचा. समोर झाड, हातात कागद, भिंतीवर महिन्याचं माप. त्यात लाथ कुठून येणार?

मग पहिलीच्या वर्गात गहू आला. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची बुडं कापली, त्यांत ओला कापूस घातला (कापसाला आमच्याकडे तोटा नाही), वर मूठ मूठ गहू पसरला आणि बाटल्या खिडकीत मांडल्या. एक दिवसाआड मोजायचं. दाण्यापासून शेंड्यापर्यंत पट्टी लावायची, कापायची, मागच्या पट्टीशेजारी चिकटवायची. म्हणजे प्रत्येकाच्या नावापुढे एक जिना चढत जातो, आणि गहू किती चढला ते कळतं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गानं बाटलीच्या बुडापासून मोजलं, म्हणजे कापूसही वाढला. एकानं मोजण्याआधी पानाला थुंकी लावून ते सरळ केलं. बोतिरचा कोंब शेजारणीच्या कोंबापेक्षा लहान भरला. आमच्या गावात दोमलांच्या नातवाचं काही लहान भरत नाही. त्यानं कोंब चिमटीत धरून वर ओढला. कोंब मुळासकट हातात आला. बोतिरनं तो तसाच पट्टीला लावला आणि मुळंही मोजली.

"बोतिर, हे काय?"

"ओपा, वाढला!"

घरोघरी वेगळाच गोंधळ. आयांनी पोरांना बजावलं, की वाढत्या गोष्टीचं माप मोठ्यानं सांगू नये, दृष्ट लागते. मग काही पोरं पट्टी कापायची, हळूच बोटभर आणखी कापायची, तुकडा खिशात घालायची आणि तीनदा थू थू करायची. एकीनं बाटलीला काळे-पांढरे मणी बांधून आणले. त्यांच्या वजनानं बाटली खिडकीतून खाली पडली, आणि दृष्ट खरंच लागते हे सगळ्यांना पटलं.

होसियत ओपा हरली नाही. रोज नव्यानं सांगायची, "दाणा कुठाय? तिथे पट्टीचं टोक. शेंडा कुठाय? तिथे कात्री. घरी काय म्हणतात, आजोबा काय म्हणतात, ते गव्हाला विचारू नका." आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला पोरं नीट मोजायला लागली. भिंतीवर एकोणीस जिने जवळजवळ सारखे चढले. ओयदिनचा जिना तर पहिल्यापासून सरळ. एकदा तिची नवी पट्टी जुन्या पट्टीएवढीच निघाली. होसियत ओपाला वाटलं, चुकली.

"वाढला नाही का गं?"

"काल शेगडी पेटली नव्हती," ओयदिन म्हणाली. "गव्हाला थंडी वाजली."

होसियत ओपानं सगळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या. त्या दिवशी बाकीच्या अठरांनी आपापला गहू न मोजता अंदाजानं वाढवला होता. त्या वेळी ती खोलीबाहेर जाऊन एकटीच हसली. आता ही पोर कुठे जात नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात जिल्ह्याच्या कचेरीतून फोन आला. नवीन पद्धत कशी चालली आहे? गहू किती वाढला?

गहू चार बोटं होता. पण दोमला तरुणपणी कापसाच्या टोळीचे प्रमुख होते. त्या काळी शेतातून एक गाडी निघायची, काट्यावर तिची दीड व्हायची, जिल्ह्यात दोन, राजधानीत तीन, आणि सगळ्यांना पदकं मिळायची. ती सवय हाडात मुरलेली. दोमला फोनवर म्हणाले, "वीतभर!" तिकडच्या साहेबांनाही हाडं होतीच. त्यांनी वर सांगितलं, दीड वीत. आठवड्यानं उलटा निरोप आला, की मंद मुलांची समिती तुमच्याकडे येतेच आहे, तीच येताना दोन विती गव्हाच्या तक्त्याचा फोटो काढेल.

दोमला वर्गात आले आणि भिंतीकडे बघत राहिले. मग घरून हिरवा चकचकीत कागद आणला, वरच्या वर्गातल्या दोन मुली बसवल्या आणि सगळे जिने नव्यानं कापून घेतले. शेवटच्या पट्ट्या बरोब्बर दोन विती. जुन्या पट्ट्या शेगडीशेजारच्या खोक्यात.

होसियत ओपा आली तेव्हा नवा डिंक वाळत होता.

"दोमला, हे काय केलंत?"

"काय केलं? झाड वाढणारच आहे ना? मी फक्त त्याच्या थोडा पुढे गेलो."

"पोरांनी महिनाभर मोजलंय! त्यांना काय सांगू?"

"सांग की मोजता येणं ही एक गोष्ट, आणि लिहिता येणं ही दुसरी. आज दोन्ही शिकले."

पोरांचं म्हणाल तर पोरं खूश झाली. एका रात्रीत सगळ्यांचा गहू कितीतरी पट. बोतिर तर आपल्या पट्टीखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. फक्त ओयदिन खोक्यापाशी बसली, तिनं एकेक करून आपल्या पट्ट्या शोधून काढल्या, हिरवा जिना ओरबाडून काढला आणि त्या जागी जुना चिकटवला. घरून वाटीत कणकेची खळ आणली होती तिनं. कणकेची खळ वाळली की खरवडून निघत नाही.

दोमलांनी ते पाहिलं. आम्हाला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण ते मिशी कुरवाळत म्हणाले, "राहू दे. एखादा मागे राहिलेला असला की बाकीचे खरे वाटतात. कापसातसुद्धा एक टोळी आम्ही मुद्दाम मागे दाखवायचो."

होसियत ओपानं वाद घातला नाही. तिचा भरवसा भिंतीवर नव्हताच, खिडकीवर होता. समिती येईल, गहू समोर असेल, ओयदिन पट्टी लावेल. भिंत काही का म्हणेना!

समितीच्या पाहुणचाराला सुमालाक, म्हणजे नवरोजची गव्हाच्या कोंबांची गोड खीर, करायचा, असा दोमलांचा हुकूम सुटला. नवरोज आलाच होता, कढई शाळेच्या अंगणातच मांडायची. आता सुमालाकसाठी गव्हाचे कोंब लागतात, आणि ते पांढरे लागतात. अंधारात, ओल्या फडक्याखाली वाढवलेले, नखाएवढे. हिरवे झाले की सुमालाक कडू होतो. हे तुरगुनॉय खालापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? चाळीस वर्षं गावाचा सुमालाक तिच्याच हातचा. तिनं परातभर गहू भिजत घातला होता. पण त्या वर्षी तिच्या जावयानं नवा विजेचा हीटर आणला, सासूवर माया म्हणून तो परातीशेजारी ठेवला, आणि फडकं उचललं तर खाली बुरशीची गोधडी.

समिती उद्या. नवे कोंब यायला आठवडा.

तुरगुनॉय खाला पाच-सहा बायका घेऊन दोमलांच्या दारात. शराफतही होती त्यात. "दोमला, सुमालाक होत नाही."

"होत नाही म्हणजे? जिल्ह्याला कळवलंय मी!"

"गहू नाही कोंबांचा."

दोमलांनी खिशातून शाळेची किल्ली काढली.

"पण तो हिरवा आहे हो," तुरगुनॉय खाला म्हणाली. "आणि पोरांचा आहे."

"पोरांचं काम झालं. गहू भिंतीवर आहे की!"

शाळा सुटली होती. होसियत ओपा बसनं जिल्ह्याच्या गावी गेली होती, समितीला उद्या गावाबाहेरचा चढ टाळून कुठून यायचं ते समजावून सांगायला. बायकांनी खिडकीतल्या बाटल्या रिकाम्या केल्या. वाईट मनानं नाही, खोटं कशाला बोला. "लेकरांच्या हातचा आहे," त्या एकमेकींना म्हणत होत्या, "लेकरांना पाप नसतं." शराफतनं आपल्या मुलीची बाटली शोधून काढली आणि म्हणाली, "माझ्या ओयदिनचा आधी घाला गं. उद्या तिची परीक्षा आहे, तेवढीच बरकत." ओयदिनचा गहू सगळ्यांत आधी कुटला गेला.

सकाळी होसियत ओपा आली तेव्हा खिडकीत एकोणीस बाटल्या रांगेत होत्या, धुऊन पुसून, स्वच्छ. अंगणात कढई रटरटत होती आणि रात्रभर ढवळून दमलेल्या बायका गात होत्या. ती कढईपाशी जाऊन उभी राहिली. तुरगुनॉय खालानं लाकडी उलथनं तिच्यापुढे धरलं.

"ये गं, तू पण फिरव. फिरवताना इच्छा मागायची."

"खाला, मुलांचा गहू?"

"हा काय! बघ कसा शिजलाय."

होसियत ओपानं उलथनं घेतलं नाही. थोड्या वेळानं घेतलं. फिरवलंही.

समिती आली ती चढावरूनच आली. समिती म्हणजे डॉक्टर काहारोव, गोल, दमलेला, भल्या स्वभावाचा माणूस, आणि त्याच्याबरोबर लिहिणारी एक बाई. बाईनं आधी भिंतीचा फोटो काढला. मग ओयदिनला पुढे बोलावलं. होसियत ओपानं डॉक्टरांना विनंती केली, की गायीबियीचं राहू द्या, मोजण्यातलं विचारा, हीच आमची नवीन पद्धत आहे. डॉक्टर म्हणाले, "का नाही? विचारू."

"यात तुझा गहू कुठला, बाळ?"

ओयदिननं आपल्या बारक्या जिन्याकडे बोट दाखवलं.

"अरेरे. बाकीच्यांचा केवढा वाढला! तुझा का नाही वाढला?"

"सगळ्यांचा सारखाच होता."

"नीट बघ हं. बोतिरची पट्टी मोठी की तुझी?"

"बोतिरची."

"शाब्बास! मग गहू कुणाचा मोठा?"

"सारखा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अगं, पट्टी मोठी, म्हणजे गहू मोठा. हो ना?"

"नाही. पट्टी मोठी म्हणजे कागद मोठा."

बाईनं लिहिलं, लहान-मोठं कळत नाही.

"बरं, आपण असं करू," डॉक्टर म्हणाले, "गहूच बघू. कुठाय तो?"

"कढईत."

"कुठे?"

"कढईत. आईनं टाकला."

बाईनं लिहिलं, असंबद्ध बोलते.

"डॉक्टर, तो खरंच कढईत आहे!" होसियत ओपा पुढे आली. "काल बायकांनी..."

"होसियत!" दोमला म्हणाले. "समिती बोलत असताना मध्ये बोलू नये. हे तुमच्या नव्या पद्धतीत नाही का?" आणि त्यांनी बोतिरला पुढे ढकललं.

"तुझा गहू किती रे?"

"दोन विती!" बोतिर छाती काढून म्हणाला. "आता तीन असेल!"

"हुशार आहे," डॉक्टर म्हणाले. बाईनं तेही लिहिलं.

एवढं झाल्यावर सगळे अंगणात जेवायला बसले. निवासी शाळेच्या कागदावर सही तेवढी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, खाऊन मग करू. वाडगे भरले गेले. आता हा सुमालाक कडू होता. थोडाथोडका नाही, कडुनिंबाला लाजवील असा. पण समिती समोर, नवरोजचा प्रसाद, तुरगुनॉय खाला जवळ उभी. दोमलांनी पहिला चमचा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, "मध आहे मध!" लिहिणारी बाई म्हणाली, "किती गोड हो. साखर अजिबात नाही ना यात?" शराफत म्हणाली, "गोड आहे." आम्ही सगळे गोड म्हणालो. डॉक्टर काहारोवनी घास तोंडात फिरवला, कसाबसा गिळला आणि म्हणाले, "वा."

"कडू आहे," ओयदिन म्हणाली.

दोमलांची मिशी थरथरली. आणि डॉक्टर काहारोव एकाएकी हसायला लागले. पोट धरून हसले.

"अरे, कडू आहे! विषासारखा कडू आहे! माझी जीभ गेली, आणि मी एकटाच वेडा झालो की काय म्हणून गप्प बसलो होतो! पोरी, इकडे ये. तुला कसं कळलं कडू आहे ते?"

"गहू हिरवा होता. खाला म्हणते हिरव्याचा कडू होतो."

"हिरवा होता? किती वाढला होता?"

ओयदिननं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवलं. डॉक्टरांनी मान वळवून खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या भिंतीकडे पाहिलं, मग कढईकडे, मग दोमलांकडे. दोमला आभाळाकडे बघत होते.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "कढईत. खरंच कढईत." मग होसियत ओपाकडे वळून, "ओपा, या पोरीला मी पुन्हा ऐकतो. आतमध्ये, आपण तिघंच. तो कागद तसाच राहू द्या, बाई." बाईनं पेनाला टोपण लावलं.

शराफतनं पदर तोंडाशी धरला. आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "पोरगी वाचली."

"आणि हा वाडगा तर मी संपवणारच," डॉक्टर काहारोव आनंदात म्हणाले. "आयुष्यात एकदा तरी खरा कडू सुमालाक खाल्ला असं सांगता येईल." त्यांनी मोठा चमचा भरला, तोंडात घातला आणि चावले.

कडकन आवाज आला. सुमालाक बुडाला लागू नये म्हणून कढईत गोटे टाकतात. ते हळूच चाटून बाजूला काढायचे असतात, पण जिल्ह्याच्या गावात सुमालाक बाजारातून आणतात, त्यात गोटे नसतात. डॉक्टरांनी गाल धरला. बोटांतून रक्त आलं.

"खडा आला!" तुरगुनॉय खाला टाळ्या वाजवत ओरडली. "अहो, खडा ज्याला मिळतो त्याची इच्छा पुरी होते! मागा, डॉक्टर, मागा!"

डॉक्टरांना गाडी हवी होती. ते वाकून गेटाकडे धावले. मागून ड्रायव्हर, मागून बाई, मागून होसियत ओपा.

"डॉक्टर! तुम्ही म्हणालात पुन्हा ऐकतो!"

"हं... हंऽ..." डॉक्टर म्हणाले. तोंडात रुमाल होता.

"सही राहिली, साहेब," बाई म्हणाली आणि कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "नाहीतर इथे परत यावं लागेल."

"परत" हा शब्द ऐकून डॉक्टरांनी डोळे मिटले आणि सही केली. रक्ताचा एक थेंब पडला. तो बाईनं टिपून घेतला.

"साहेब, एका शब्दासाठी थांबा," होसियत ओपा खिडकीला धरून म्हणाली. "एकच शब्द."

"सोड, पोरी," दोमला म्हणाले, "माणूस मरतोय इथे."

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली. आत डॉक्टर कण्हत होते. पाहुणा कण्हत असताना बघत कोण उभं राहील? आम्ही सगळे धावलो. बायका, चायखान्यातले म्हातारे, दोमला, पहिलीचा अख्खा वर्ग. शराफतही. होसियत ओपाचा हात खिडकीवर होताच, तिनंही ढकललं. गाडी हलली, चढाच्या माथ्यापर्यंत गेली, उतारावर लागली आणि सुरू झाली.

ओयदिन मागचा डावा दिवा धरून ढकलत होती. तो तिच्या हातात निघून आला.